संकेतस्थळावरची चावडी : उभारणी आणि दुरुस्ती



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे गावोगाव अशा माला निघाल्या. आमच्यासारख्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसांना त्याच कॉलेजच्या ठिकाणी झाल्या. मागच्या रांगेत बसून आम्ही जे ऐकले, तेच आमचे शिक्षण. आज चालकांनी आम्हांला पुढे उभे केले आहे आणि विषय दिला आहे तो असा : संस्थेच्या संकेतस्थळावर सभासद एकमेकांशी जोडले जावेत यासाठी सोयी कशा कराव्यात आणि त्या बिघडल्या तर काय करावे.

आम्ही इंजिनियर नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता पन्नाशी ओलांडली. परंतु माणसे जोडणे, आणि तुटली तर कोठे तुटली ते शोधून काढणे, हाच आमचा व्यवसाय असल्यामुळे हा विषय आम्हांला परका वाटला नाही. संघटनेचे संकेतस्थळ उभारताना तरुण सोबत्यांच्या शेजारी बसून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो. येथे वाचनालयाचे, पतपेढीचे, गणेशमंडळाचे, माजी विद्यार्थिसंघाचे कार्यकर्ते बसले आहेत. त्यांनाही ते उपयोगी पडेल.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. नुसते संकेतस्थळ म्हणजे कचेरीबाहेरचा फळा. चिटणीस लिहितो, इतर वाचतात. त्यावर सभासदाला स्वतःचे नाव नोंदविता आले, स्वतःची ओळख लिहिता आली, दुसऱ्या सभासदाशी मैत्री जोडता आली, गट करता आले, निरोप धाडता आला आणि कोणी काय केले हे एका फलकावर दिसू लागले, म्हणजे त्या फळ्याची चावडी होते. नोंदणी, ओळख, मैत्री, गट, निरोप, घडामोडींचा फलक आणि सूचना ही तिची सात अंगे. आता यासाठी पदरचे फार खर्चावे लागत नाही. 2003 साली निघालेले वर्डप्रेस आणि त्यावर बसणारे, 2009 पासून चालत आलेले बडीप्रेस, ही दोन्ही फुकट आणि खुली आहेत. महिन्याचे भाडे द्यावे लागते ते सर्व्हरवरील जागेचे.

कोणी म्हणेल, फेसबुक आहे, व्हॉट्सॲप आहे, मग हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. परक्याच्या वाड्यात फुकट राहावयास मिळते, पण वाडा केव्हा पाडावयाचा ते मालक ठरवितो. ऑर्कुट 2004 साली निघाले, आपल्या देशात तरुण पोरे त्यावर तासन्‌तास असत. 30 सप्टेंबर 2014 रोजी गूगलने ते बंद केले. मायस्पेसवर लोकांनी बारा वर्षांत चढविलेली गाणी सर्व्हर बदलताना नाहीशी झाली आणि 2019 साली कंपनीने तशी कबुली दिली. लोकांनी तक्रारी केल्या, पण बहुतेक गाणी परत आली नाहीत.

याहूनही मोठे कारण निराळे आहे. ते म्हणजे सभासदांचा पट. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्या काळी अशा कागदावर नाव घालणे म्हणजे पोटावर पाय येण्याची भीती. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनेवर सभासदांची यादी ठेवण्याचे बंधन घातले, आणि ती पाहण्याची सोय पदाधिकाऱ्यांना व सभासदांना असावी असे सांगितले. पदाधिकाऱ्यांना व सभासदांना. वाटेवरच्या कोणालाही नव्हे! संकेतस्थळ बांधणाऱ्याने सोडवावयाचा पहिला प्रश्न या एका वाक्यात आला आहे.

आमच्याकडील एका कारखान्यातली हकीकत सांगतो. कंत्राटी कामगारांनी संघटनेत येण्याचे ठरविले आणि आपसांत फोनवर एक गट काढला. ज्याला यावयाचे त्याने दुसऱ्याला घ्यावे, असा मोकळा कारभार. त्यात मुकादमाच्या नात्यातला एकजण कोणाच्या तरी ओळखीने शिरला. तिसऱ्या दिवशी सात जणांना फाटकावरूनच परत पाठविले. कारण कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारण्याची गरजही नव्हती. त्या सातांतील तिघे पुढे गवंड्याच्या हाताखाली गेले, ते परत कारखान्यात आले नाहीत. फोनचा गट उत्तम चालत होता, त्यात तांत्रिक बिघाड काडीचाही नव्हता. यादी कोणाला दिसावी, हे मात्र कोणी ठरविले नव्हते.

म्हणून उभारणीच्या आधी चार माणसांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. सात अंगे डावीकडे लिहावी आणि प्रत्येकापुढे, हे बाहेरच्याला दिसेल, सभासदाला दिसेल, मित्राला दिसेल, की फक्त त्याचे त्याला दिसेल, ते लिहावे. बडीप्रेसमध्ये ओळखीच्या प्रत्येक रकान्याला या चारही पायऱ्या लावता येतात. गटही तीन जातीचे करता येतात : सर्वांना खुला, परवानगीने आत येण्याचा, आणि ज्याचे नावही बाहेर दिसत नाही असा गुप्त. आमचा नियम असा की सगळी दारे प्रथम बंद ठेवावी आणि सभेत ठरेल तसे एकेक उघडावे. उलट केल्यास काय होते ते मोठमोठ्यांनी पाहिले आहे. फेब्रुवारी 2010 मध्ये गूगलने जीमेलमध्ये ‘बझ’ नावाची सोय घातली. माणूस ज्यांच्याशी वारंवार पत्रव्यवहार करतो त्यांच्याशी तिने त्याला आपोआप जोडले, आणि ती नावे चारचौघांना दिसण्याची व्यवस्था आधीपासूनच चालू ठेवली. मोठा ओरडा झाला. 2011 साली ती सोय बंद झाली आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे गूगलला वीस वर्षे बाहेरच्यांकडून तपासणी करून घेण्याची अट मान्य करावी लागली.

दुसरे असे की सातही अंगे एकदम चालू करू नयेत. रिकामी चावडी पाहून माणूस पुन्हा येत नाही. आम्ही नोंदणी, ओळख आणि गट एवढ्यावर आरंभ केला. प्रत्येक नव्या नोंदीला त्या खात्यातील प्रतिनिधीने ‘होय, हा आपला’ असे म्हटल्याखेरीज आत घेतले नाही. यामुळे काम वाढते खरे, पण यंत्राने भरलेल्या खोट्या नोंदींचा लोंढा याच दारावर थांबतो.

आता दुरुस्तीकडे वळू. आमच्याकडे कामगार येऊन म्हणतो, ‘साहेब, अन्याय झाला.’ आम्ही विचारतो : कोणावर, कोणत्या पाळीत, कोणत्या तारखेला, पगारचिठ्ठी कोठे आहे? ‘साइट चालत नाही’ ही तक्रारही तशीच आहे. कोणाला दिसत नाही, कोणत्या फोनवर, कोणते पान, पडद्यावर काय शब्द आले, शेवटचे केव्हा चालत होते आणि त्यानंतर कोणी काय बदलले? एवढे लिहून घेतले की निम्मे दुखणे तेथेच सापडते. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. थीम बदलून पाहावी. पाहून झाल्यावर जोडलेली सगळी प्लगइने बंद करून एकेक चालू करीत जावे. ज्याच्यापाशी बिघाड परत येतो, तोच गुन्हेगार. हे चालत्या चावडीवर करू नये, तिची नक्कल काढून त्यावर करावे. आणि सर्वांच्या आधी सगळ्या मजकुराची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.

नेहमीची दुखणी सांगतो. पहिले आणि सर्वांत जुनाट : नोंदणी केली पण ईमेल आले नाही. नव्या सभासदाला पुष्टीचे पत्र जाते, त्यातील दुवा दाबला की नोंद पक्की होते. ते पत्र बहुधा स्पॅममध्ये पडते वा वाटेतच नाकारले जाते, कारण ते खरोखर आपल्याच नावाच्या ठिकाणाहून निघाले याचा पुरावा त्यासोबत नसतो. एसपीएफ आणि डीकेआयएम अशा दोन नोंदी आपल्या डोमेनच्या खात्यात घालाव्या लागतात. एक म्हणजे कोण पत्र टाकू शकतो त्याची यादी, दुसरी म्हणजे पाकिटावरची मोहोर. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. हे होईपर्यंत कोणाला ताटकळत ठेवू नये. व्यवस्थापकाला नोंद हाताने पक्की करता येते.

दुसरे : नवा विभाग चालू केला आणि ‘पान सापडत नाही’ असे उत्तर आले. पर्मालिंकच्या सेटिंगचे पान उघडून काही न बदलता पुन्हा सेव्ह करावे. पुष्कळदा एवढ्याने पत्त्यांची वही नव्याने लिहिली जाते.

तिसरे अधिक गंभीर. सखाराम आत जातो आणि वर नाव दिसते ते तुकारामाचे. वेग यावा म्हणून तयार पानाची प्रत साठवून सर्वांना वाटण्याची जी युक्ती असते, तिने खाजगी पानाचीही प्रत साठवली, असा याचा अर्थ. असे दिसताच चावडी बंद करून ती साठवण पुसावी आणि आत आलेल्या सभासदांची पाने तिच्यातून वगळावी. येथे चालढकल करू नये.

चौथे : सकाळी सहाची सूचना साडेनऊला मिळते. वर्डप्रेसचे घड्याळ कोणी संकेतस्थळावर आले म्हणजेच पुढे सरकते. रात्री कोणी फिरकले नाही तर सूचना पडून राहतात आणि फाटकावरची सभा संपल्यावर सभेची बातमी पोचते. सर्व्हरच्या स्वतःच्या घड्याळाला ते काम जोडून द्यावे.

पाचवे आपल्या मराठीचे. नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर साठवणीच्या तक्त्याची लिपीसंहिता चुकलेली असते. माय-एस्‌क्यू-एलमध्ये 2018 च्या आठव्या आवृत्तीपूर्वी, सांगितल्याखेरीज, रोमन लिपीचीच व्यवस्था असे. याहून छुपे दुखणे ‘ॲडव्होकेट’ या शब्दात आहे. पहिले अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होते : एक अखंड, आणि दुसरे ‘अ’वर चंद्र चढवून. दिसायला जुळे, यंत्राच्या लेखी निराळे. म्हणून शोधात माणूस सापडत नाही आणि ‘आमचे नाव काढले’ अशी तक्रार येते. नोंद घेतानाच दोन्ही एकसारखी करून घ्यावी.

सहावे, मंदपणा. फ्रेंडस्टर 2002 साली निघाले आणि थोड्याच दिवसांत लोकांची झुंबड उडाली. मित्र, मित्राचे मित्र, त्यांचेही मित्र, असा हिशेब ते वेळोवेळी मांडीत बसे. पाने उघडेनात आणि माणसे कंटाळून दुसरीकडे गेली. दिखाऊ सोय जड होत असेल तर काढून टाकावी.

सातवे, विश्वासाचा गैरफायदा. ऑक्टोबर 2005 मध्ये मायस्पेसवर सॅमी कामकार या तरुणाने स्वतःच्या ओळखीच्या पानात थोडी संगणकी आज्ञावली दडविली. जो ते पान पाही, तो आपोआप त्याचा मित्र होई आणि त्याच्याही पानात ती आज्ञावली उतरे. सुमारे वीस तासांत दहा लाखांवर माणसे जोडली गेली! सभासदाला मजकूर लिहू द्यावा, आज्ञावली लिहू देऊ नये. आणि सुधारित आवृत्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात.

काही दुखणी मात्र यंत्राची नसतात. भांडण, टवाळी, एखाद्या भगिनीला नको ते निरोप. यासाठी प्लगइन नाही. तक्रार कोणाकडे करावयाची त्यांची नावे पहिल्या पानावर असावीत, त्यांत एक तरी बाई असावी आणि निकाल ठरल्या मुदतीत लागावा. सोडून जाणाऱ्याची नोंद पुसून द्यावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कारण सांगून संमती घेणे आणि मागितल्यास माहिती पुसणे, ही तत्त्वे घातली आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अशा चावडीवरचा ‘खाजगी निरोप’ इतर सभासदांपासून खाजगी असतो; ज्याच्याकडे साठवणीची किल्ली आहे त्याला तो वाचता येतो. तेव्हा आपल्या मालकीचे घर बांधले म्हणजे काम संपले असे नव्हे. परक्या मालकाच्या जागी आपलाच एखादा चिटणीस मालक होऊन बसू शकतो. आमच्या संघटनेत किल्ली दोघांकडे असते. ती कोणाकडे, प्रत कोठे ठेवली आणि वर्षात कोणी काय उघडले, हे वार्षिक सभेत वाचून दाखविले जाते आणि इतिवृत्तात लिहिले जाते. ज्या झाडूवालीकडे साधा फोनच आहे, तिच्यासाठी प्रत्येक सूचना फाटकाजवळच्या लाकडी फळ्यावरही लागते.

आपण परत गेल्यावर आपापल्या संस्थेच्या पुढच्या सभेत एवढेच विचारा : आमची नावे कोणाला दिसतात आणि किल्ली कोणाजवळ आहे? उत्तर चटकन मिळाले तर संस्था नीट चालली आहे. न मिळाले तर दुरुस्तीची सुरुवात तेथूनच करा.