एकखांबी महाल

महाभारताच्या आदिपर्वात परीक्षित राजाची कथा आहे. सातव्या दिवशी तक्षकाच्या दंशाने तुला मृत्यू येईल, असा शाप त्याला मिळाला. तेव्हा मंत्र्यांशी मसलत करून त्याने एका खांबावर उभा असलेला एक महाल बांधविला. तेथे वैद्य ठेविले, औषधींचा संग्रह केला, मंत्रसिद्ध ब्राह्मणांची योजना केली आणि सभोवार पहारे बसविले. राज्याचा कारभारही तो तेथूनच पाहू लागला. मृत्यूला शिरावयास फट राहू नये, एवढीच त्या सर्व व्यवस्थेमागची दृष्टी होती.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील सपाट गवताळ प्रदेशात आज असाच एक महाल आहे. तो मात्र वर न चढता जमिनीच्या पोटात उतरलेला आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेने ‘अ‍ॅटलस’ जातीची अण्वस्त्रवाही क्षेपणास्त्रे ठेवण्यासाठी पावणेदोनशे फूट खोलीची काँक्रीटची विवरे बांधली होती. १९६५ साली ती क्षेपणास्त्रे सेवेतून काढण्यात आली आणि विवरे तशीच पडून राहिली. त्यांपैकी एक विवर लॅरी हॉल नावाच्या गृहस्थांनी २००८ साली विकत घेतले आणि त्यात पंधरा मजले घालून बारा खाजगी सदनिका तयार केल्या. पुरा मजला हवा असेल तर तीस लाख डॉलर, अर्धा हवा असेल तर त्याच्या निम्मे, अशी किंमत त्यांनी लावली होती. तेथे पोहण्याचा तलाव आहे, चित्रपटगृह आहे, मातीवाचून भाजी पिकविण्याची आणि मासे पोसण्याची सोय आहे. बाहेरच्या जगाशी संबंध तुटला तरी सुमारे पंचाहत्तर माणसांना पाच वर्षे तग धरता यावा, असा हिशेब त्यामागे आहे. खिडक्या अर्थातच नाहीत. त्यांच्या जागी विजेवर चालणारे पडदे आहेत, आणि मालकाच्या रुचीप्रमाणे त्यांवर अरण्याची वा नगराची दृश्ये दिसतात. ज्या विवरातून एके काळी जगाचा संहार बाहेर पडावयाचा होता, त्याच विवरात आता त्या संहारातून निभावून जाण्याचे गाळे विकले गेले, हा काळाचा एक चमत्कारिक विनोद म्हटला पाहिजे.

हा एखाद्या लहरी माणसाचा छंद असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु २०१७ साली इव्हान ऑसनॉस या पत्रकाराने ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यावरून संगणक-व्यवसायातील आणि सराफी पेढ्यांतील कितीतरी धनिक या विचाराने पछाडलेले आहेत, असे दिसून आले. ‘रेडिट’ या लोकप्रिय संस्थेचे एक संस्थापक स्टीव्ह हफमन यांनी २०१५ साली डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली. समाजव्यवस्था कोसळली तर चष्मा मिळणे दुरापास्त होईल, हे त्याचे कारण! कोणी विमान सज्ज ठेवतो, कोणी दूरचे बेट हेरून ठेवतो. न्यूझीलंडसारख्या शांत आणि एका कडेला वसलेल्या देशातील जमिनीला त्यामुळे निराळेच मोल आले. पीटर थील या धनाढ्य उद्योजकांना त्या देशाचे नागरिकत्व २०११ साली मिळाले, तेव्हा त्यांचा तेथील एकूण मुक्काम अवघा बारा दिवसांचा होता. ही गोष्ट २०१७ साली उघडकीस आली, तेव्हा तेथील लोक अस्वस्थ झाले यात नवल ते काय?

यावर केवळ हसून मोकळे होणे सोपे आहे. परंतु भीती खोटी नाही. २०२० च्या महामारीत सारे जग काही आठवड्यांत कसे थांबले, ते आपण पाहिले आहे. अण्वस्त्रे अजून आहेत, पृथ्वीचे हवामान पालटत आहे. आणि पुढचे संकट ओळखून तरतूद करणे हे तर शहाणपणाचे लक्षण. आपल्या घरांतून पावसाळ्याची बेगमी होतच असे. उन्हाळ्यात डाळी, तिखट, पापड, लोणची, जळाऊ लाकडे यांची जमवाजमव करणाऱ्या गृहिणीला भित्री कोणी म्हटले नाही. मग या धनिकांनी बेगमी केली, तर आपण त्यांना नावे का ठेवावी?

फरक आहे, आणि तो मोठा आहे. पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या गृहिणीला पावसाळा सरणार याची खात्री असे, आणि मधल्या काळात शेजारीण वाटीभर डाळ उसनी मागावयास येणार हेही ठाऊक असे. तिच्या हिशेबात शेजार होता. कॅन्ससच्या विवरात उतरणाऱ्याच्या हिशेबात शेजाऱ्याला स्थान एकच आहे, आणि ते म्हणजे दाराबाहेरचा शत्रू. पहिलीला आपण बेगमी म्हणतो. दुसरीला पळवाट हाच शब्द योग्य होय.

या पळवाटेतील दोष पळणाऱ्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळाला आहे. डग्लस रशकॉफ या अमेरिकन लेखकाला एकदा काही अतिश्रीमंत मंडळींनी व्याख्यानासाठी बोलाविले. श्रोते अवघे पाच होते. त्यांना व्याख्यान नकोच होते, प्रश्न विचारावयाचे होते. त्यांतील एकाचे भूमिगत घर जवळजवळ बांधून झाले होते. त्याने विचारले की, सर्व काही कोसळल्यावर माझ्या पहारेकऱ्यांवर मी हुकमत कशी ठेवू? धान्याच्या कोठाराच्या कुलपाची युक्ती आपणच जाणावी, पहारेकऱ्यांच्या गळ्यात धाक दाखविणारे पट्टे अडकवावेत, असे उपाय त्या मंडळींच्या मनात घोळत होते. ही हकीकत रशकॉफने २०१८ साली लिहिली आणि २०२२ साली तिचे पुस्तक झाले.

हा प्रश्न वाचताना मला परीक्षिताच्या कथेतील काश्यप आठवला. काश्यप हा विषविद्येतील श्रेष्ठ जाणकार. राजाला वाचविले तर विपुल धन मिळेल, म्हणून तो हस्तिनापुराकडे निघाला होता. वाटेत तक्षकाने त्याला गाठले आणि एक वटवृक्ष दंशाने भस्मसात करून दाखविला. काश्यपाने त्या भस्मातून वृक्ष पुन्हा उभा केला. तेव्हा तक्षकाने त्याला राजाकडून मिळावयाचे त्याहून अधिक धन देऊ केले. राजाचे आयुष्य सरलेच आहे हे काश्यपाने अंतर्दृष्टीने जाणले, धन घेतले आणि तो आल्या वाटेने परत फिरला. जो धनासाठी निघाला, तो धनानेच वळला. महालाचा तो एकच खांब कोणता होता, हे व्यासांनी येथे न सांगता सांगितले आहे.

आणि काश्यपाच्या काळी निदान धनाला मोल तरी होते. नोट म्हणजे काय? बाजार उद्या उघडेल, न्यायालय उद्या बसेल, दिलेला शब्द उद्या पाळला जाईल, अशी समाजाने परस्परांना दिलेली हमी. ही हमी संपली की पहारेकऱ्याच्या लेखी मालकाची कोट्यवधींची संपत्ती हा कोरा कागद ठरतो. मालक हा मालक आहे, हे सत्यदेखील त्याच समाजाच्या आधारावर उभे असते, ज्याच्या मृत्यूची तयारी तो करीत आहे. धान्य साठविता येते, इंधन साठविता येते. निष्ठा मात्र साठविता येत नाही. ती रोजच्या व्यवहारात रोज निर्माण व्हावी लागते.

संकटकाळी आसरा शोधण्याचा दुसराही मार्ग आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली कायदा झाला आणि नवे घर बांधणाऱ्याने निवारा बांधावा किंवा सार्वजनिक निवाऱ्यासाठी पैसे भरावेत, असा दंडक पडला. आज त्या देशात सुमारे ३,७०,००० निवारे असून त्यांत सुमारे ९० लाख माणसांची सोय होऊ शकते. म्हणजे जवळजवळ साऱ्या देशाची. तळघर तेथेही आहे, काँक्रीट तेथेही आहे. पण त्याच्या दाराशी शेजाऱ्यावर बंदूक रोखण्याचे प्रयोजन उरत नाही, कारण शेजाऱ्याची जागा आत मोजूनच ठेवलेली आहे.

ज्यांच्या हाती संपत्ती, विद्या आणि राज्यकर्त्यांच्या कानापर्यंत पोहोचण्याची शक्ती आहे, त्यांनी मनातून समाज सोडून दिला, तर तो सावरावयाचा कोणी? नौकेला भोक पडण्याआधीच नावाडी आपली होडी वेगळी करून बसला, तर भोक बुजविण्याची निकड त्याला वाटावयाची कशी? हा प्रश्न अमेरिकेचाच आहे असे मानण्याचे कारण नाही. नगरपालिकेचे पाणी येईनासे झाले की आपण खाजगी टँकर मागवितो. वीज गेली की जनित्र लावतो. दिल्लीची हवा कोंदली की ज्याला परवडते तो घरापुरती हवा गाळून घेतो. यात गुन्हा नाही. परंतु नळाला पाणी यावे म्हणून तक्रार करणाऱ्यांतून दर वेळी एक समर्थ आवाज कमी होतो. कॅन्ससचे विवर एका दिवसात खणले जात नाही. त्याची पहिली कुदळ अशीच कोठेतरी पडते.

परीक्षिताचा शेवट सर्वश्रुत आहे. तापसवेषातील नागांनी आणलेल्या फळातून एक अळी निघाली आणि तीच तक्षक झाली. परंतु भागवताने याच राजाचे दुसरे चित्र रेखाटले आहे. तेथे तो महाल बांधीत नाही. पुत्रावर राज्य सोपवून तो गंगेच्या काठी उघड्यावर बसतो. ऋषिमुनी भोवती जमतात आणि शुकाच्या मुखातून कथा चालू होते. सात दिवस दोघांनाही सारखेच मिळाले होते. एकाने ते पहारे मोजण्यात घालविले. दुसऱ्याने ते माणसांत बसून काढले, आणि त्याने ऐकलेली कथा त्याच्यामागे आजवर लोक ऐकत आले आहेत.