मृगाच्या आधी फ्लूची लस

राळेगणसिद्धीहून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय.

२०२१ च्या मे महिन्यात राज्याच्या बालरोगतज्ज्ञांच्या कृती दलाने सुचवलं होतं, की पावसाळ्याआधी मुलांना फ्लूची लस द्यावी. आपण पहिलं विचारतो, "मग कोरोना होणार नाही ना?" तसं नाही. ही लस फ्लू अडवते, कोरोना नाही. तरी द्यायची, कारण दोन्हींची सुरुवात सारखीच: ताप, खोकला, अंगदुखी. फ्लू कमी झाला, की घरातली धास्ती आणि दवाखान्यातली गर्दी दोन्ही कमी. शिवाय फ्लूही साधा नव्हे. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी शेजारच्या पुण्यात घेतला, एका शाळकरी मुलीचा.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळापासून ही लस देतात. लहान मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. विषाणू रूप बदलत राहतो ना! एखादा दिवस हात दुखेल, कणकण येईल. घाबरू नका.

ही लस सरकारी मोफत यादीत नाही, खासगी डॉक्टरांकडे विकत घ्यावी लागते. पैसे जमले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. पण गोवरासारख्या मोफत लसींचा राहिलेला डोस मात्र पूर्ण कराच. आशाताईंना बाळाचं कार्ड दाखवा. मुलांभोवतीचं कुंपण आपणच आहोत.