कथेचा मोबदला



कथाकारांच्या मेळाव्यात अध्यक्षाने मराठी कथेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. मी तो घेणार नाही. मी पैशांविषयी बोलणार आहे. कथा मासिकात छापून आली, तर लिहिणाऱ्याच्या हाती काय पडायला हवं आणि आज काय पडतं, एवढाच माझा विषय. आपल्या संमेलनांत भाषेवर ठराव होतात, ग्रंथालयांवर होतात, सीमाप्रश्नावर होतात. लेखकाच्या मोबदल्याचं नाव काढलं की सभागृह अवघडून जातं. आज ते अवघडलं तरी मी थांबणार नाही.

हे हिंगणघाटातच बोलायला हवं, कारण उद्धव शेळके या गावात जन्मले. १९६० साली त्यांची ‘धग’ आली आणि कौतिक नावाची बाई आपल्या वऱ्हाडी बोलीसकट मराठी कादंबरीत कायमची उभी राहिली. आज विद्यापीठं ती शिकवतात, तिच्यावर प्रबंध होतात. या माणसाने लेखन हाच व्यवसाय केला. महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार नाही, पाठीशी शेती नाही, अशा स्थितीत त्यांनी घर लेखणीवर चालवायचं ठरवलं. मग प्रकाशकाला जे हवं ते, हवं तेव्हा, हव्या तितक्या पानांचं लिहून दिलं. कादंबरीमागून कादंबरी लिहिली. आणि आपण काय केलं? ‘धग’चा लेखक बाजारू झाला, असा शेरा मारून मोकळे झालो.

माझा या शेऱ्यावर राग आहे. शेळक्यांच्या पुढच्या सगळ्या पुस्तकांची बाजू मी घेणार नाही; त्यांतली कित्येक घाईत लिहिलेली आहेत, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या वाचकालाही दिसतं. पण ती घाई कुठून आली, हे समीक्षेने विचारायला हवं होतं. वर्षाकाठी दोन-चार उत्तम कथा लिहून मासिकांच्या मोबदल्यावर एका माणसाचं घर चाललं असतं, तर हा लेखक कुठल्या वाटेने गेला असता? ‘शिळान’सारखी कथा लिहिणाऱ्या हाताला कथेवर पोट भरता आलं नाही, हा दोष हाताचा की व्यवस्थेचा? मी व्यवस्थेचा मानतो. ‘धग’ अभ्यासक्रमाला लावायची आणि तिच्या लेखकाने घर कसं चालवलं, याची लाज मात्र त्यालाच वाटायला लावायची, हा अन्याय आहे.

जरा नावं आठवा. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. अरविंद गोखले शेतकी महाविद्यालयात शिकवत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. व्यंकटेश माडगूळकर पुण्याला आकाशवाणीत होते, द. मा. मिरासदार अध्यापनात. थोर कथाकार, सगळे. त्यांच्या थोरवीला मी हात लावत नाही. पण मराठी कथेचा सुवर्णकाळ म्हणून आपण जो मिरवतो, त्याचा खर्च कोणी केला ते पाहा. कॉलेजांनी केला, सरकारी खात्यांनी केला. मासिकाने दिलेला पैसा त्यांना वरखर्चाला होता. म्हणून तो किती असावा, हा प्रश्न नेटाने कधी लढवला गेला नाही. ज्याला पगार नव्हता, त्याचं काय झालं? अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहीत राहिले आणि १९६९ साली हलाखीतच गेले. फुकट लिहिण्याची परंपरा ही पगारदारांची परंपरा आहे. तिला साधना म्हणणं सोपं आहे, कारण साधनेचं भाडं दुसरीकडून भरलं जात होतं.

आणि त्यामुळे काय गमावलं? सोयाबीन सोंगायला जाणारी बाई, सूतगिरणीत रात्रपाळी करणारा मुलगा, समुद्रपूर-आर्वीकडच्या गावातून शिकवणीवर्ग घेऊन घर चालवणारी मुलगी, यांच्यापैकी कोणाला कथा सुचत नाही असं समजू नका. माझ्याकडे त्यांची हस्तलिखितं येतात. दहा-बारा रात्री जागून लिहिलेल्या कथेचा एक पैसाही मिळणार नाही, हे कळल्यावर दुसरी कथा येत नाही. पहिली कथा वाचून मी हललो होतो, आणि दुसरी आलीच नाही. मराठी कथेचं हे नुकसान मोजायला आपल्याकडे कोणी नेमलेला नाही.

संपादक मित्र म्हणतील, साहित्य पैशासाठी नसतं. त्यांनी रशियन कथाकार चेखव आठवावा. चेखव मॉस्कोत वैद्यकी शिकत होता, बाप दिवाळं काढून बसला होता, घरात खाणारी तोंडं होती. त्याने विनोदी साप्ताहिकांना ओळीच्या दराने गोष्टी विकल्या. ओळीमागे कोपेक मोजून घेतले. त्या पैशावर घर चाललं आणि त्याच कामातून जगाला कथा कशी असते हे दाखवणारा लेखक घडला. पैसे घेतल्याने कथा हलकी होते, हे मला चेखवसमोर उभं राहून सांगा.

दुसरा युक्तिवाद खरा आहे, म्हणून त्याला सावकाश उत्तर देतो. अंक चालवणं परवडत नाही. वर्गणीदार घटले, जाहिराती आटल्या, कागद महागला. मला ठाऊक आहे. ‘सत्यकथा’सारखं मासिक १९८२ साली बंद पडलं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा कित्येक संपादकांनी पदरमोड करून जगवली आहे. त्यांना माझा नमस्कार. पण त्याच अंकाचा हिशोब मांडू या. कागदवाल्याचे पैसे दिले जातात, नाहीतर कागद येत नाही. छापखान्याचे दिले जातात, नाहीतर अंक बाहेर पडत नाही. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला काही ना काही मिळतं. विक्रेता आपलं कमिशन आधी कापून घेतो. टपाल खातं उधारी ठेवत नाही. ज्याच्यासाठी वाचक अंक हातात घेतो, त्या कथेच्या लेखकापाशी येईपर्यंत पैसे संपतात. दरवर्षी, न चुकता, त्याच्यापाशीच संपतात. हा योगायोग नाही. लेखक भांडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. कास्तकाराच्या कापसाचा चुकारा थकला, तर याच हिंगणघाटच्या बाजार समितीसमोर बंड्या आडव्या लागतात. कथालेखक मात्र मानधनाची आठवण करणारं पत्र लिहितानाही आधी क्षमा मागतो.

याहून वाईट प्रकारही आहेत. एका अंकाने माझी कथा स्वीकारल्याचं कळवलं आणि त्याच पत्रात वर्गणीदार मिळवून द्या म्हणून सुचवलं. तरुणांकडून जाहिराती मागितल्या जातात. कथास्पर्धेला प्रवेशशुल्क घेतात. म्हणजे हरणाऱ्यांच्या पैशातून जिंकणाऱ्याला बक्षीस आणि आयोजकाला नाव. छापलेला अंक लेखकाला विकत घ्यावा लागतो, अशाही तक्रारी माझ्यापर्यंत आल्या आहेत.

परवडत नसेल तर वीस कथा छापू नका. आठ छापा आणि आठांना पैसे द्या. अंक सडसडीत होईल, वाचकही दुवा देईल.

आता वर्ध्याचं नाव घेऊन बोलतो. १९३५ साली गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. खादी देशभर विकली जात होती, आणि दिवसभर सूत कातणाऱ्या बाईच्या हाती जेमतेम आणा-दोन आणे पडत होते. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळाले पाहिजेत, असा आग्रह त्यांनी धरला. कार्यकर्ते हादरले. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, चळवळ बुडेल, असं म्हणाले. गांधीजींनी माघार घेतली नाही. आठ आण्यांपर्यंत मजल गेली नाही, पण चरखा संघाला कातणाऱ्यांच्या जीवनवेतनाचं तत्त्व मान्य करावं लागलं आणि मजुरी वाढली. इथून जवळ नालवाडीला विनोबा तासन् तास सूत कातत आणि त्या मजुरीत जेवण भागतं का, हे स्वतःच्या ताटावर तपासत. पवित्र कामालाही मजुरी पोटापुरती हवी, हे या जिल्ह्याने देशाला शिकवलं आहे. त्याच जिल्ह्यात बसून कथेला मोबदला मागणं कमीपणाचं आहे, असं मला कोणी सांगू नये.

लेखकांनाही दोन शब्द. आपला हक्क वाचा. १९५७चा कॉपीराइट कायदा सांगतो की कथेचा पहिला मालक लेखक आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतात. मासिकाला एकदा छापायला कथा दिली, म्हणून ती ध्वनिरूपात विकायचा, संग्रहात घालायचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क वारसांकडे राहतो. शेळके १९९२ साली गेले. त्यांनी जे हक्क विकले नाहीत, ते २०५२ अखेरपर्यंत त्यांच्या माणसांचे आहेत. आणि नोकरी असलेल्या कथाकारांना माझी विनंती, तुम्हाला गरज नसली तरी पैसे मागा. तुम्ही फुकट दिलेली प्रत्येक कथा गरज असलेल्याचा दर खाली आणते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले, योग्यच केलं. त्या भाषेत आज लिहिणाऱ्याला मजुरी मिळावी, यासाठी मी या व्यासपीठावरून ठराव मांडतो. कथा मागवतानाच मासिकाने मोबदल्याचा आकडा छापावा, मग तो पाचशे रुपये असला तरी चालेल. तीन महिन्यांत होकार किंवा नकार कळवावा. अंक निघाला की त्या महिन्यात पैसे द्यावेत. वर्गणी, जाहिरात आणि प्रवेशशुल्क यांची अट घालणाऱ्या अंकाला आपल्यापैकी कोणीही कथा पाठवू नये. आयोजकांनाही सांगतो, दुपारच्या सत्रात कथा वाचणाऱ्या पाचही जणांना मंडपवाल्याआधी मानधन द्या. माझं मानधन त्यांच्यात वाटा.

ठरावाला अनुमोदन हवं आहे. ज्यांना तो मान्य असेल त्यांनी हात वर करावेत, आणि संपादक मित्रहो, सुरुवात तुमच्यापासून व्हावी.