काचघर की नुसतं छप्पर?

टांगलेल्या कुंडीतून खाली ओघळणाऱ्या फुलझाडांना आपल्याकडे नाजूक म्हणतात आणि त्यांच्यासाठी हौशी माणसाला आधी काचघर सुचतं. माझं म्हणणं असं, की पुण्यासारख्या हवेत बंद काचघर या झाडांना तारत नाही, बऱ्याचदा मारतं. काचघराची प्रथा जिथे वाढली त्या इंग्लंडात पाहा. लोंबत्या फुशियाचे पूर्वज मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या थंड, दमट डोंगरांतले. इंग्लंडच्या सौम्य उन्हाळ्यात त्या खुशाल बाहेर टांगलेल्या असतात. कडाक्याची थंडी सुरू झाली की आत घ्यायच्या, मेअखेरीस गारठ्याची भीती सरली की पुन्हा बाहेर. म्हणजे काचघर तिथे हिवाळा निभावण्यापुरतं.

आपल्याला निभावायचे असतात ते एप्रिल-मे आणि त्यानंतरचा पावसाळा. काचेतून ऊन आत येतं, माती-कुंड्या तापतात आणि कोंडलेली गरम हवा बाहेर पडत नाही. इंग्रजाला जो फायदा, तोच आपल्याला तोटा. पिटुनिया घ्या. मूळ दक्षिण अमेरिकेतली. १९८९ साली जपानच्या सनटोरी कंपनीने ‘सरफिनिया’ या लोंबत्या जाती बाजारात आणल्या आणि टांगत्या कुंड्यांचं रूपच पालटलं. आपल्याकडे थंडीत ती उघड्यावर मस्त फुलते. एप्रिलमध्ये तीच कुंडी जवळून पाहा: बुडाकडची पानं पिवळी, दांडे उघडे, फुलं फक्त शेंड्याला आणि तीही लहान. टांगलेल्या कुंडीला चारी बाजूंनी वारा आणि ऊन लागतं, त्यामुळे सकाळी पाणी घातलं तरी दुपारी ती हाताला हलकी लागते. पावसाळ्यात उलट होतं: पाकळ्या चिकट होऊन कुजतात, मुळं सडतात. म्हणून हवं ते वर पारदर्शक छप्पर, चारी बाजू मोकळ्या आणि उन्हाळ्यात फक्त दुपारपुरती शेडनेट. दिवसभर नेट ठेवली तर झाड उंडारतं, फुलत नाही.

कुणी म्हणेल, तळेगावची पॉलिहाउसं चालतात ती कशी? ती चालतात, पण त्यांच्या झडपा, पंखे, विजेचं बिल हे सगळं विक्रीच्या फुलांच्या हिशेबात बसतं. शिवाय ओल्या पॅडमधून हवा ओढून गारवा करायचा तर बाहेरची हवा कोरडी लागते; जुलैत ती युक्ती लंगडी पडते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हंगामी झाड हंगाम संपला की टाकावं, एवढा खटाटोप कशाला? बियांपासून केलेल्या रोपांना हे लागू आहे, आणि ज्यांना उन्हाळ्यातही कुंडी रिकामी नको त्यांनी सरळ ‘ऑफिस टाइम’ हे फुलझाड लावावं; ते उन्हाला भीत नाही. पण फांदीपासून वाढवायच्या जातींचं आईझाड हातचं गेलं तर पुढच्या वर्षीची रोपं कशाची करणार? अशी दोनचार झाडं जूनआधीच छाटून छपराखाली ठेवावीत, वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नये आणि गणपती गेले की शेंडे खुडून कलमं लावायला घ्यावीत.