पहाऱ्यावरची रात्र

कल्याणच्या शाळेत इतिहास शिकवताना मला एक अडचण नेहमी जाणवे. दुर्गाडी किल्ला खाडीकाठी डोळ्यांसमोर उभा. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले, मराठी आरमाराची सुरुवात इथल्याच खाडीत झाली, हे मुलांना तोंडपाठ असे. पण किल्ल्यात माणसे राहत कशी? ते कळायला मुक्काम करावा लागतो. दुर्गाडीवर तशी सोय नव्हती आणि ठाण्याच्या किल्ल्याचे तर मध्यवर्ती कारागृह झालेले!

म्हणून एका हिवाळ्यात आम्ही सातवीची तीस मुले-मुली घेऊन कर्जतकडच्या कोथळीगडावर गेलो. आंबिवलीहून पेठ गाव आणि वर सुळक्याच्या पायथ्याशी कातळात कोरलेली, नक्षीदार खांबांची प्रशस्त गुहा. गिर्यारोहक तिथे मुक्काम करीत.

दिवसा मुलांनी डबे खाल्ले, सुळक्याच्या पोटातल्या कोरीव जिन्याने माथा गाठला, मनसोक्त आरडाओरडा केला. तोवर ती सहलच होती. अंधार पडला आणि सगळे बदलले. टाक्यातले पाणी माणशी मोजून मिळाले. विजेऱ्या बंद झाल्या. चार-चार जणांचा पहारा लागला, सोबत एक शिक्षक. थोड्या वेळाने एकाने विचारले, "सर, हे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरत असेल?" एक मुलगी म्हणाली, "अमावास्येला खालून कोण येतंय ते कसं कळायचं?" असे प्रश्न वर्गात मला कुणी विचारले नव्हते.

पहाटे कळले की, एका मुलाने कर्कटकाने खांबावर नाव कोरायला घेतले होते. पहाऱ्यावरच्या मुलांनीच त्याला अडवले. त्याने ओल्या फडक्याने खूप घासले, रेघ जाईना. पहारा शत्रूसाठी लावला होता, धोका मात्र आपल्याकडूनच निघाला! आधी बजावले नाही, ही चूक माझी.

लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात मुले रात्री देवमाशाच्या सांगाड्याखाली झोपतात. पण तिथे देखरेख असते. आपल्या वास्तूंतही मोजकी मुले, रीतसर परवानगी, रखवालदार आणि स्वच्छतागृह एवढे जमले, तर असा मुक्काम जरूर व्हावा. ते नसेल तर मुलांना रात्री नेऊ नये.

तो मुलगा पुढे आमच्याबरोबर दुर्गाडीवर आला. बुरुजावर चढण्याआधी तो भिंती न्याहाळत होता, कुणी नवे काही कोरले आहे का ते.