उपचार सुटू नये म्हणून

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कॅन्सरवर व्याख्यान म्हटलं की लोकांना डॉक्टर अपेक्षित असतो. मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या रुग्णालयांच्या समाजसेवा विभागात माझी नोकरी झाली. रिपोर्ट हातात पडल्यावर, डॉक्टरांचं बोलणं ऐकून झाल्यावर माणूस आमच्या टेबलाशी येतो. डॉक्टरांनी त्याला 'लवकर आलात, बरे व्हाल' असं सांगितलेलं असतं आणि तरी त्याचं तोंड उतरलेलं असतं. कारण केसपेपरवर खाली एक ओळ असते: रेडिएशन, सहा आठवडे.

हे सहा आठवडे जरा नीट बघा. सोमवार ते शुक्रवार रोज यायचं. मशीनखाली काही मिनिटं झोपायचं, उठायचं, बाहेर यायचं. शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे दिवसातल्या त्या काही मिनिटांसाठी हिंगोलीचा किंवा वाशीमचा माणूस दीड महिना मुंबईत अडकला, बरोबर एक सोबती अडकला, आणि दोघांची मजुरी बुडाली. केमोथेरपीचं तर त्याहून अवघड. तीन आठवड्यांनी एक डोस असतो, तेव्हा मधल्या काळात गावी जाऊन यायला काय हरकत, असं आपल्याला वाटतं. पण डोसनंतरच्या आठवड्या-दीड आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या वेळी ताप आला तर तो अंगावर काढता येत नाही, तासाभरात रुग्णालय गाठावं लागतं. म्हणून डॉक्टर सांगतात, जवळपास राहा. आता परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या जवळपास राहायचं म्हणजे कुठे, हे डॉक्टर सांगत नाहीत. ते आम्हाला विचारलं जातं.

टाटा रुग्णालय परळला १९४१ साली सुरू झालं. देशभरातून पेशंट येतात. त्या परिसरातल्या फूटपाथवरून सकाळी चालत गेलात तर दिसेल: नवऱ्याच्या नाकात नळी घातलेली असते, तोंडाचं ऑपरेशन झालेलं असतं, आणि बायको भिंतीला टेकून तांदळाची पेज फडक्यातून गाळत असते. नळी तुंबू नये म्हणून दोनदा गाळते. मग मोठ्या सिरिंजने सावकाश सोडते, वर पाणी सोडते, नळीचं टोक बंद करून पदराने पुसते. हे तिला वॉर्डातल्या सिस्टरने एकदाच दाखवलेलं असतं. फूटपाथवर हे काम ती इतकं नेटकं करते की बघत राहावं. पण ते तिला फूटपाथवर करावं लागतं, यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

या माणसांची गैरसोय फार पूर्वी कुणाच्या लक्षात आली होती? शाळेचं तोंड न पाहिलेल्या गाडगेबाबांच्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथल्या धर्मशाळा सगळ्यांना माहीत असतात, त्या वारकऱ्यांसाठी. पण बाबांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. रुग्णालयात पेशंटला खाट मिळते, त्याच्या माणसाला मिळत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. आज दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या पेशंटांनी भरलेली असते. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. लहान मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. तिथे प्रत्येक कुटुंबाला आपली जागा आणि स्वयंपाकाची सोय असते, कारण केमो चालू असलेलं मूल आईच्या हातचंच खातं, आणि बाहेरचं खाऊन जुलाब लागले तर पुढचा डोस लांबतो.

हे सगळं मी दानशूरांचं कौतुक म्हणून सांगत नाही. छप्पर हा उपचाराचाच भाग आहे, आणि याला पुरावा आहे. लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर मोठ्या प्रमाणात बरा होतो, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. २००९ च्या सुमारास टाटाच्या बालविभागातलं साधारण पाचातलं एक मूल उपचार सुरूच न करता किंवा मध्येच सोडून निघून जात असे. औषध होतं, डॉक्टर होते, मूल बरं होण्यासारखं होतं, आणि आईबाप गावी निघून जात. मग रुग्णालयाने नीट बसून व्यवस्था लावली. पैसे, राहणं, जेवण, रक्त, शाळा, समुपदेशन हे सगळं एका छताखाली आणलं. तारखेला मूल आलं नाही तर त्याच दिवशी घरी फोन. काही वर्षांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आलं. कुठलंही नवं औषध निघालं नव्हतं. माझ्या मते आपल्याकडच्या कॅन्सरच्या इतिहासात ही गोष्ट एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या बरोबरीने सांगितली पाहिजे. सांगितली जात नाही, कारण यात मशीन नाही.

आता थोडं कागदपत्रांचं. कंटाळवाणं आहे, पण ऐकून ठेवा. २०१२ साली आपल्या राज्यात आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, मग राज्यभर गेली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. आधी त्याच्याकडे जा. लोक काय करतात, घाबरून पहिल्या रुग्णालयात पन्नास हजार भरतात, दागिने मोडतात आणि मग योजनेची चौकशी करतात. ही योजना कॅशलेस आहे. आधी मंजुरी, मग उपचार. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. रेशनकार्डावर पेशंटचं नाव आहे का, आधारवरच्या नावाशी ते जुळतं का, हे गावातून निघण्यापूर्वी बघा. लग्न होऊन आलेल्या बायकांची नावं माहेरच्या कार्डात अडकलेली असतात, आणि त्या एका कारणाने फाईल आठवडाभर पडून राहते. रेल्वेचंही तसंच. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टियर एसीत भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

'मागितल्याशिवाय' या शब्दावरून मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येते: पेशंटने आणि त्याच्या बाजूच्या माणसांनी हक्काने मागणं.

मुंबईत १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन नावाची संस्था सुरू झाली. वाय. के. सप्रू यांनी ती काढली. काम नेहमीचंच: गरीब पेशंटला औषध मिळवून देणं, तपासणी शिबिरं, मदत गोळा करणं. ही संस्था पुढे एका बलाढ्य परदेशी कंपनीसमोर सुप्रीम कोर्टात उभी राहील असं तिच्या पावती पुस्तकाकडे बघून कुणाला वाटलं नसतं.

प्रकरण असं. रक्ताचा एक सावकाश वाढणारा कॅन्सर आहे, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. २००१ साली अमेरिकेत त्यावर एक गोळी मंजूर झाली. औषध इमॅटिनिब, नोव्हार्टिस कंपनीचं नाव ग्लिवेक. रोज गोळी घ्यायची आणि कामाला जायचं, असं या आजारात प्रथमच घडत होतं. पण ती कायम घ्यायची. कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये. आपल्या कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत करत होत्या. २००३ साली नोव्हार्टिसला भारतात विक्रीचे एकाधिकार मिळाले, आणि स्वस्त गोळ्या बाजारातून मागे जाऊ लागल्या. पेटंटचा अर्ज चेन्नईच्या कार्यालयात होताच.

आपल्या पेटंट कायद्यात पेटंट देण्यापूर्वी कुणालाही हरकत घेता येते. 'कुणालाही' यात पेशंटही आले. या संस्थेने हरकत घेतली. दुसरी गोष्ट, त्याच कायद्यातलं कलम ३ (ड). माहीत असलेल्याच पदार्थाचं नवं रूप आणलंत, तर त्याचा गुण खरोखर वाढला आहे हे दाखवा, नाही तर पेटंट नाही. जानेवारी २००६ मध्ये अर्ज नामंजूर झाला. कंपनीने मद्रास हायकोर्टात त्या कलमालाच आव्हान दिलं, ते २००७ मध्ये फेटाळलं गेलं. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी सुप्रीम कोर्टात निकाल दिला. पेटंट नाही. त्या निकालावर जगभर लिहिलं गेलं, कारण भारतातली स्वस्त औषधं आफ्रिकेपर्यंत जातात.

यातली एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. कंपनी तेव्हा हजारो भारतीय पेशंटांना ती गोळी फुकट देत होती. खरंच देत होती, आणि त्यावर माणसं जगली. तेव्हा पुष्कळ शहाण्यांचं म्हणणं होतं, फुकट मिळतंय तर भांडता कशाला? उद्या तेही बंद होईल. अडचणीतल्या माणसाला हा युक्तिवाद फार पटतो. पण फुकट कुणाला द्यायचं, किती दिवस, कुठल्या अटीवर, हे देणारा ठरवतो. आठ हजारांची गोळी दुकानात मिळत असेल तर ती घेण्यासाठी कुणाच्या यादीत नाव लागत नाही. संस्थेने दुसरा रस्ता धरला, आणि तो बरोबर होता असं माझं स्पष्ट मत आहे. मदत वाटणाऱ्या माणसांनीच मदतीपेक्षा हक्क मोठा मानला, हे विशेष. पुढे २०१९ मध्ये सरकारने कॅन्सरच्या ४२ औषधांवर विक्रेत्यांच्या नफ्याची कमाल मर्यादा ३० टक्के ठरवली, तेव्हाही औषधांची किंमत हा सार्वजनिक प्रश्न आहे हे मान्य झालं.

पेशंट बोलायला लागले की काय होतं याचं दुसरं उदाहरण गुटख्याचं. महाराष्ट्राची पहिली गुटखाबंदी २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. मधल्या काळात टाटाचे डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांचे सहकारी जबडा काढलेल्या, स्वरयंत्र काढलेल्या पेशंटांना घेऊन मंत्र्यांसमोर बसत. आकडेवारीचा कागद बाजूला सारता येतो, समोर बसलेला अर्ध्या जबड्याचा माणूस सारता येत नाही. बंदी असूनही आज टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

सगळीच मदत कोर्टात किंवा मंत्रालयात होत नाही. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाईला आठ दिवसांनी काय त्रास होतो? डॉक्टर जखमेबद्दल विचारतात. तिचा प्रश्न ब्लाउजचा असतो. कापूस भरला तर तो हलका पडतो, ब्लाउज त्या बाजूने वर सरकतो, पदर सारखा ओढावा लागतो आणि खांदा उचलून चालायची सवय लागते. तिथे वजन लागतं, दुसऱ्या बाजूइतकं. हे तिला कळतं ते स्वतः त्यातून गेलेल्या बाईकडून. दार लावून ती आपला ब्लाउज उघडून आतला खिसा दाखवते, "हे बघ ताई, मी असंच वीस वर्षं शाळेत शिकवलं." स्वरयंत्र काढलेल्या माणसाला पुन्हा बोलायला शिकवण्यातही तसाच माणूस उपयोगी पडतो, पोटावर पिशवी लागलेल्याला पिशवीवालाच. १९९४ मध्ये सुरू झालेली व्ही केअर ही संस्था बऱ्या झालेल्या माणसांना स्वयंसेवक म्हणून उभं करते.

आणि घरात आपण काय करतो? 'अण्णांना सांगू नका.' अण्णा टाटाच्या रांगेत बसलेले असतात, भिंतीवर मोठ्या अक्षरांत कॅन्सर लिहिलेलं असतं, आणि मुलगा मला कोपऱ्यात घेऊन सांगतो, "मॅडम, त्यांना गाठ म्हणून सांगितलंय." पाच मिनिटांनी अण्णा एकटे येतात, "बाई, पोरांना सांगू नका, मला ठाऊक आहे." दोघं एकमेकांना जपतात, आणि त्यात जमिनीचं, बँकेचं, मुलीच्या लग्नाचं बोलणं राहून जातं.

बरं न होणाऱ्याचं काय, हा प्रश्न आपण टाळतो. वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटांची काळजी घेणारी देशातली ती पहिली संस्था. तिची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. तिथे दुखणं कमी करतात, जखमा धुतात, घरच्यांना शिकवतात, आणि पैसे घेत नाहीत. पण प्रत्येकाने मरायला मुंबई-पुण्याला जावं का? कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडावाटे घ्यायची मॉर्फीनची गोळी हा स्वस्त आणि खात्रीचा इलाज आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवाने इतके किचकट झाले की रुग्णालयांनी ती ठेवणंच सोडून दिलं. देशातल्या वेदनाशामक सेवेतल्या डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि २०१४ मध्ये कायदा बदलला. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला राज्याच्या औषध प्रशासनाची मान्यता घेऊन मॉर्फीन ठेवता येतं. कायदा बदलला, पण तालुक्याच्या गावात गोळी अजून पोचलेली नाही, कारण तिथे कुणी मागितलेली नाही.

तेव्हा या व्याख्यानमालेच्या मंडळींकडे माझं एक मागणं आहे. हारतुरे, मानधन राहू द्या. तुमच्यातल्या चार जणांनी येत्या सोमवारी आपल्या जिल्हा रुग्णालयात जावं आणि विचारावं: इथे तोंडावाटे घ्यायचं मॉर्फीन मिळतं का? मिळत नसेल तर मान्यतेचा अर्ज केला आहे का? तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी विचारा, आणि पोच घेऊन या.