शाळेतील अखेरचे वर्ष
(बारावीच्या विद्यार्थ्यांना शुभेच्छा देण्यासाठी योजिलेल्या समारंभातील भाषण)



परीक्षेच्या तोंडावर मुलांना अभ्यासाविषयी सांगणारे घरोघरी पुष्कळ आहेत. केंद्रीय विद्यालयात मी तीस वर्षे शिकवले. त्या अनुभवावरून आज वर्गातल्या सोबतीविषयी चार शब्द बोलणार आहे.

महाराष्ट्रात दहावी झाली की मूल बहुधा कनिष्ठ महाविद्यालयात जाते. आपल्याकडील मुले सुटीत गावी गेली की आजी विचारते, “कॉलेज कोणते घेतलेस?” आणि नात सांगते, “अगं आजी, अजून शाळाच!” गणवेश तोच आणि सकाळची प्रार्थनाही तीच. अकरावीत विज्ञान, वाणिज्य अशा शाखा होतात, बाकांवरच्या जोड्या मोडतात, काही रुसवे वर्षभर टिकतात. पण मधल्या सुटीत सारी पुन्हा एकाच झाडाखाली दिसतात.

केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ साली २० रेजिमेंटल शाळांपासून सुरू झाली, ती मुख्यतः बदलीच्या नोकरीतील पालकांच्या मुलांसाठी. त्यामुळे नववीत, वर्षाच्या मध्येच, नवे मूल वर्गात येणे आम्हांस नित्याचे. पहिले काही दिवस ते डबा एकटेच खाते. त्या डब्यातील थालीपिठाला प्रथम नावे ठेवली जातात. बारावीपर्यंत तेच थालीपीठ मालकाच्या वाट्याला येत नाही. या शाळांतील सदनांची नावे शिवाजी, टागोर, अशोक आणि रमण. कबड्डीच्या सामन्यात बंगाली मुलगा ‘शिवाजी सदना’साठी घसा कोरडा करीत आहे आणि आपली देशपांड्यांची किंवा जाधवांची मुलगी ‘टागोर सदना’साठी, हे दृश्य मी कितीदा पाहिले! राष्ट्रीय एकात्मतेवरील निबंधात ते कोणी लिहीत नाही, ही गोष्ट निराळी.

मग अकरावीचा वर्ग बारावीला निरोप देतो. मुली आईची पैठणी नेसतात (टाचण्या किती, ते आयाच जाणोत), मुलगे वडिलांच्या कोटात हरवून जातात. शेवटच्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यांवर शाईने सह्या होतात. तो सदरा कृपा करून धुऊ नका.

आता थोडे कटू बोलतो. अलीकडे शाळेत नाव नावापुरते ठेवून मुलाला दिवसभर शिकवणी-वर्गात बसवण्याची चाल पडली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे. असे नावापुरते विद्यार्थी दाखवणे व इतर गैरप्रकार यांसाठी मार्च २०२४ मध्ये मंडळाने २० शाळांची संलग्नता काढून घेतली. पालकांची धास्ती खोटी नाही. जागा थोड्या आणि परीक्षार्थी लाखो आहेत. परंतु पुण्या-नागपुरातील मुलाला गल्लीत चुलतभाऊ असतात, मामाचे घर हाकेच्या अंतरावर असते. आपल्या मुलाला येथे शाळा हीच गल्ली आणि तेच आजोळ. ती काढून घेतली तर सतराव्या वर्षी त्याच्यापाशी बोलायला आईवडिलांखेरीज कोण उरते? आणि त्या वयात आईवडिलांशी बोलतो कोण!

निकालानंतर ही मुले पांगतील. कोणी वसतिगृहात जाईल, तर कोणाच्या वडिलांची बदली होईल. म्हणून एक विनंती आहे. परीक्षा संपल्यापासून जूनपर्यंत मंडळाचे सभागृह दुपारी रिकामेच असते. मुलांनी आपल्या वर्गमित्रांना, ते मराठी असोत वा नसोत, येथे घेऊन यावे. कॅरम आहे, पेटी आहे, पंखेही चालू आहेत. किल्ली कार्यवाहांकडे मिळेल. वर्गणीचे मी अध्यक्षांशी आधीच बोलून ठेवले आहे.